मदत हवी आहे: प्रत्येक साइटला वेगळा युजर दिला, आता तिन्हींवर ५०२ एरर

घाईत_पुणेकर: एका व्हीपीएसवर (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) तीन वर्डप्रेस साइट आहेत. मागच्या आठवड्यात एक हॅक झाली आणि घाण बाकीच्या दोन्हींत पसरली, कारण सगळ्यांचं पीएचपी एकाच युजरखाली. म्हणून प्रत्येकीला वेगळा युजर, वेगळा एफपीएम पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसचा गट) केला. आता तिन्ही बंद! क्लायंटचे फोन थांबत नाहीयेत. लवकर सांगा.

जुना_पेंग्विन: वेबसर्व्हर कुठला, अपाचे की एन्जिनएक्स? ओएस कुठली? एरर लॉग काय म्हणतो?

घाईत_पुणेकर: एन्जिनएक्सच, दुसरं काय असणार. उबुंटू २२.०४. लॉग कुठला बघू, दोन आहेत.

कंटेनरकाका: हे सगळं काढा आणि डॉकर टाका, प्रत्येक साइट आपल्या वेगळ्या डब्यात. मी तीन वर्षांपासून तेच वापरतोय, युजरची कटकटच नाही.

जुना_पेंग्विन: काका, घराला आग लागलीय आणि तुम्ही विहीर खणायला सांगताय. पुणेकर, एन्जिनएक्सचा लॉग, शेवटच्या चार ओळी.

झटपट: सॉकेटला, म्हणजे एन्जिनएक्स आणि एफपीएम जिच्यातून बोलतात त्या फाइलला, ७७७ द्या, सगळ्यांना सगळी परवानगी. माझं लगेच चाललं होतं.

रूटवाली_रमा: चालेल, म्हणूनच देऊ नका. मग मशीनवरचा कुठलाही युजर त्या सॉकेटशी थेट बोलू शकतो. हॅक झालेली साइट शेजारच्या पूलला फास्टसीजीआय रिक्वेस्ट (पीएचपी चालवायची विनंती) पाठवेल आणि त्याच्या युजरखाली कोड चालवेल. मग वेगळे युजर कशाला केले? शिवाय एफपीएम रीस्टार्ट झालं की सॉकेट नव्याने बनतं, तुमचं ७७७ गेलं.

झटपट: मग सॉकेट फाइलऐवजी पोर्ट ९००० वर लावा.

रूटवाली_रमा: पोर्टला तर मालकही नसतो. लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच मशीनवरून, कोणीही जोडेल.

हिशेबी: व्हीपीएस महिन्याला कितीला पडतं हो? मलाही घ्यायचंय.

घाईत_पुणेकर: लॉगमध्ये "कनेक्ट फेल्ड, १३: परमिशन डिनाइड" आहे. पूलची मूळ फाइल कॉपी करून जुन्या युजरच्या जागी सगळीकडे नवा टाकलाय. चूक नाही त्यात.

जुना_पेंग्विन: "सगळीकडे" हीच चूक. युजर आणि ग्रुप या ओळी नव्या, बरोबर. पण लिसन.ओनर आणि लिसन.ग्रुप सॉकेट कोणाचं ते ठरवतात, आणि त्या दारावर येतो एन्जिनएक्स. उबुंटूवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरखाली चालतो. त्या दोन ओळी जुन्याच ठेवा, मोड ०६६०, म्हणजे फक्त मालक आणि ग्रुपला परवानगी. एफपीएम रीस्टार्ट.

घाईत_पुणेकर: चाललं!!! तिन्ही! पण प्लगइन अपडेट करायला गेलो तर एफटीपीचा पासवर्ड मागतंय. एफटीपी नाहीच आहे माझ्याकडे.

कंटेनरकाका: डॉकरमध्ये हे झालं नसतं.

रूटवाली_रमा: होतं काका, मी पाहिलंय. पुणेकर, फाइल्स अजून जुन्या युजरच्या नावावर आहेत, चाऊन (मालक बदलायची कमांड) करून प्रत्येक साइटच्या युजरला द्या. डेटाबेसचे युजरही वेगळे करा, नाहीतर एक पासवर्ड फुटला की तिन्हींचा डेटा गेला. आणि हॅकरने टाकलेल्या फाइल्स शोधून काढल्यात ना? त्या नव्या युजरखालीही चालतातच. अजून एक, नव्या युजरना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ग्रुपमध्ये घातलं नाही ना?

घाईत_पुणेकर: घातलंय की तिघांनाही. व्हिडिओत तसंच सांगितलं होतं.

रूटवाली_रमा: आत्ता काढा. ०६६० म्हणजे ग्रुपलाही दार उघडं. काढून झालं की एफपीएम पुन्हा रीस्टार्ट.

हिशेबी: व्हीपीएसचं कोणी सांगितलं नाही.