विषय: डेकेअरची सुट्टी, गणपती आणि डिसेंबर (करार शुक्रवारी द्यायचाय)

नमस्कार मंडळी,
गणपती यंदा सोमवारी, १४ सप्टेंबरला. आमचा दीड दिवसाचा, म्हणजे मंगळवारीही डेकेअर बंद. आदल्याच सोमवारी, ७ तारखेला, लेबर डे. दोन पालक अडून बसलेत की नऊ दिवसांत तीनदा बंद आणि फी मात्र पूर्ण, हे जमणार नाही. शिवाय डिसेंबरात सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी तीन आठवडे सांगलीला जायचंय. तेव्हाची फी मागायची का? घरी मुलं सांभाळणाऱ्यांनी लगेच कळवा.
– अर्चना, सनीवेल

---

अर्चना, गणपतीचे दोन दिवस पगारीच ठेव, मागे हटू नकोस. थँक्सगिव्हिंगला त्या पालकांचा पगार कापतात का? फी जागेची असते. मूल तापाने घरी राहिलं तरी त्याची जागा आपण दुसऱ्याला देत नाही. डिसेंबरची मात्र घेऊ नकोस, तेवढे दिवस त्यांना दुसरीकडे पैसे मोजावे लागतात. माझ्या करारात वर्षाच्या सगळ्या बंद तारखा जानेवारीतच छापलेल्या असतात, त्या पानावर आई-वडील दोघांची सही. 'सणासुदीला बंद' असं मोघम लिहिलंस की दर सणाला हाच वाद.
– शैलाकाकू, फ्रीमाँट

---

काकू, पालकांचंही ऐका. सोमवारी आम्हा दोघांपैकी एकाला रजा टाकावी लागते आणि वर फीही भरायची. डिसेंबरात तर पूर्ण बंद ठेवायची गरजच काय? अर्चनाताईंच्या जाऊबाई आहेत की! पिकनिकला सगळी पोरं त्यांच्याच मागे असतात.
– निखिल

---

निखिल, तसं चालत नाही. कॅलिफोर्नियात लायसन्स ज्याच्या नावावर, त्याने डेकेअरच्या वेळात स्वतः घरात असावं लागतं. बाहेर जायला दिवसाच्या तासांपैकी जास्तीत जास्त २० टक्के. दहा तासांचं डेकेअर असेल तर दोन तास, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येण्यापुरते. तेवढा वेळ जी बसेल तिच्याही बोटांचे ठसे आधी क्लिअर झालेले हवेत. तपासणीला लोक न कळवता येतात. जाऊबाईंच्या प्रेमापोटी अर्चनाचं लायसन्स धोक्यात घालू नका.
– मेधा

---

मेधाताई, माहीत नव्हतं. जाऊबाईंचा मुद्दा मागे घेतो, रजेचा नाही.
– निखिल

---

उलट बाजूही करारात घाला. आम्ही पालक भारतात जातो तेव्हाची फी कोणी द्यायची? आमच्या डेकेअरवाल्या ताईंना मी दोन आठवड्यांची पूर्ण दिली. जागा आमच्यासाठी राखली होती, द्यायलाच हवी. कराचंही सांगतो: आठवड्याची किंवा त्याहून मोठ्या मुदतीची फी ठरलेली असेल, तर सलग दोन आठवड्यांपर्यंतची कामावरची गैरहजेरी आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, तात्पुरती धरतं आणि ती फी चाइल्ड केअर क्रेडिटला, म्हणजे मुलं सांभाळण्याच्या खर्चावरच्या करसवलतीला, चालते. त्याहून लांब राहिलात तर प्रश्न येतो. निखिल, तुमचे चार आठवडे असतात ना?
– कौस्तुभ

---

मंडळाचा गणपती शनिवारी, १९ तारखेला आहे. सोमवारच्या रजेचं खापर मंडळावर फोडू नये, कार्यकारिणीने शनिवार पालकांसाठीच धरलाय. अर्चना, मोदकांचं सारण तुझ्याकडे नक्की ना? नसेल तर आजच सांग, नारळ आणायचेत.
– सुनीता (प्रसाद समिती)

---

सुनीताताई, सारण माझ्याकडेच. नारळ खवलेले मिळाले तर बरं, मंगळवारी संध्याकाळी विसर्जनानंतरच हातात वेळ आहे.

करारात असं घालतेय: लेबर डे आणि गणपतीचे दोन दिवस पगारी, डिसेंबरचे तीन आठवडे बंद, फी नाही. पालक सुट्टीवर गेले तर पहिले दोन आठवडे पूर्ण फी, पुढे जागा राखायची तर निम्मी. निखिल, १४ तारखेला रजा मिळत नसेल तर सांगा. मेधाच्या डेकेअरमध्ये त्या दिवशी एक जागा रिकामी आहे, तिच्याशी बोलून ठेवलंय. तिथली त्या दिवसाची फी मी तुमच्या सप्टेंबरच्या फीतून वजा करीन. लहानग्याचा लसीकरणाचा कागद मात्र तिला आधी द्या.
– अर्चना