हेल, उच्चार, ढब की लहेजा? परदेशी राहून बदललेल्या बोलण्याला काय म्हणावं

प्रश्न

‘वीस वर्षं लंडनमध्ये आणि पुढे सिडनीत राहिल्यामुळे त्यांचा ॲक्सेंट बदलला. आता त्यांना कुणी आयरिश समजतं, कुणी वेल्श.’ या वाक्यात ‘ॲक्सेंट’ला मराठी शब्द कोणता वापरावा? कोशांत आघात, स्वराघात, उच्चार, हेल असे पर्याय मिळतात, पण एकही नीट बसत नाही. ‘लहेजा’ वापरावा का?

उत्तर

‘आघात’ आधी बाजूला ठेवा. आघात म्हणजे शब्दातल्या एखाद्या अक्षरावर दिलेला जोर. इंग्रजीत त्यालाही ॲक्सेंट म्हणतात, म्हणून कोशात ते दोन्ही एकाच नोंदीखाली आले आहेत. तुमच्या वाक्यात तो अर्थच नाही.

‘हेल’ हा अस्सल शब्द, पण त्याची व्याप्ती छोटी आहे. हेल काढून बोलणं म्हणजे स्वर लांबवून वाक्याच्या शेवटी सूर चढवणं किंवा उतरवणं. मालवणी हेल म्हणतो तेव्हा आपल्या कानात हा सूरच असतो. एखाद्याचा ‘ट’ बदलला, तर त्याला हेल बदलला म्हणत नाहीत, उच्चार बदलला म्हणतात. ‘लकब’ व्यक्तीची असते, प्रांताची किंवा देशाची नव्हे. ‘लहेजा’ हिंदी-उर्दूतून आला आहे आणि वर्तमानपत्रांत बराच रुळला आहे. मात्र त्यात बोलण्यामागच्या भावनेची छटाही येते (‘नरम लहेज्यात सुनावलं’), त्यामुळे वाक्य निसटतं.

सगळं मिळून सांगायचं असेल तर ‘बोलण्याची ढब’ म्हणा. ‘त्यांच्या इंग्रजीची ढब बदलली, आता ऐकणाऱ्याला ते कधी आयरिश वाटतात, कधी वेल्श.’ इथे कुठेच अडखळायला होत नाही.

उत्तर

‘ढब’ मान्य. पण मजकूर भाषेबद्दलचाच असेल, तर एका शब्दाखाली सगळं झाकू नये. बोलण्यात शब्द, उच्चार आणि सूर वेगवेगळ्या वेगाने बदलतात. शब्द आधी जातात: लिफ्टची एलिव्हेटर व्हायला फार दिवस लागत नाहीत. उच्चार मागाहून आणि तुकड्यातुकड्यानं सरकतात. भाषाशास्त्रज्ञ चेम्बर्स यांनी १९९२ मध्ये कॅनडातून दक्षिण इंग्लंडात गेलेल्या मुलांच्या बोलण्याचा अभ्यास मांडला, त्यातही शब्द उच्चारांच्या पुढे होते. वयाचा फरकही त्यात ठळक होता. सात वर्षांच्या आतलं मूल नवी ढब जवळजवळ पूर्ण उचलतं, चौदाच्या पुढे ती क्वचितच पूर्ण येते.

आणखी एक गोष्ट लेखांत सहसा सुटते: परदेशी राहून परकी भाषा बदलते तशी मातृभाषाही बदलते. उच्चारांचे अभ्यासक फ्लेगे यांनी १९८७ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या फ्रेंचभाषकांचा आणि पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकनांचा ‘ट’ मोजला. दोन्ही गटांचा स्वतःच्या भाषेतला ‘ट’ भोवतालच्या भाषेकडे झुकलेला निघाला. सान्सिए आणि फाउलर यांच्या १९९७ च्या अभ्यासात तर एकच व्यक्ती होती, ब्राझीलची पोर्तुगीजभाषक, अमेरिकेत शिकणारी. ब्राझीलमध्ये काही महिने राहून आली की तिच्या दोन्ही भाषांतले ‘प’ आणि ‘ट’ पोर्तुगीज वळणाचे होत, अमेरिकेत राहिली की दोन्हींतले इंग्रजी वळणाचे. म्हणजे हे कायमचं नसतं, मागेपुढे होत राहतं.

देश सोडावाच लागतो असंही नाही. राणी एलिझाबेथ यांच्या १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंतच्या नाताळच्या भाषणांची तुलना २००० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आली. त्यांचे स्वर तरुण पिढीच्या दक्षिणी इंग्रजीकडे सरकले होते. अंटार्क्टिकात एकत्र हिवाळा काढलेल्या ११ जणांच्या बोलण्यातही थोडा बदल मोजता आला (२०१९).

मूळ प्रश्नकर्ता

‘वळण’ हा शब्द आवडला, तो ढबीपेक्षा नेमका वाटतो. पण मोजला म्हणजे काय मोजला? आणि मराठीचं वळण परदेशात बदलतं, तेव्हा नेमकं काय बदलतं?

उत्तर

ओठ किंवा जीभ सुटण्याच्या क्षणापासून कंठातला नाद सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, तो मोजतात, हजारांश सेकंदांत. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांत तो मोजला आणि त्यांत मराठीही होती. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क सरासरी ५८, ७०, ८० हजारांशांचे निघाले. मराठीचा अल्पप्राण (हवेचा झोत न सोडणारा) प किंवा त साधारण २० च्या आतच सुटतो. इंग्रजी ‘पेन’मधला प म्हणूनच आपल्या प्-ह च्या वाटेवर असतो, फक्त इंग्रजी कानाला तो फरक लागत नाही.

आता अमेरिकेत वाढलेल्या मुलाची मराठी ऐका.

‘पाणी’तला प हवा सोडत येतो आणि ‘काल’ व ‘खाल’ जवळजवळ एक होतात. त आणि ट दोन्ही वरच्या हिरडीवर येऊन बसतात, म्हणून ‘दादा’ कानाला ‘डाडा’ लागतो. ए आणि ओ स्थिर राहत नाहीत, शेवटी घसरतात: ‘ये’चं ‘येइ’, ‘दोन’चं ‘दोउन’. जोर नसलेलं अक्षर आक्रसतं, त्यामुळे ‘बटाटा’तला पहिला ‘ब’ जेमतेम उरतो. टाळूला जीभ न टेकवलेला अमेरिकन ‘र’ ‘घर’मध्ये लगेच ओळखू येतो. विधानाच्या शेवटी सूर चढला, तर ‘मी उद्या येते’ हे सांगणं विचारण्यासारखं वाटतं. या शेवटच्या गोष्टीला मात्र बेलाशक हेल म्हणा.

सर्वात मोठी गफलत च, ज आणि झ मध्ये होते. मराठीत हे दोन-दोन आहेत. ‘चार’ (४) मधला तालव्य, म्हणजे टाळूला जीभ लावून काढलेला; ‘चारा’तला दंततालव्य, म्हणजे दातांमागून, त्स-कडे झुकणारा. ‘जात’ (समाजातली) तालव्य, ‘तो जात नाही’मधला दंततालव्य. ‘माझी’ तालव्य, ‘माझा’ दंततालव्य. लिपीत फरक दिसत नाही आणि इंग्रजीत फक्त तालव्यच आहे, म्हणून मूल सगळेच तालव्य म्हणतं. त्यात ळ चा ल झाला की पुण्या-मुंबईच्या कानाला ते मूल हिंदीभाषक वाटतं आणि दुकानदार हिंदीत बोलायला लागतो. न्यू जर्सीची ढब इंदूर-दिल्लीची समजली जाते ती अशी. खूण सोपी आहे. हिंदीभाषक त-ट आणि क-ख मध्ये कधी चुकत नाही, अमेरिकेत वाढलेलं मूल तिथेच चुकतं.

उत्तर

मूळ वाक्यातल्या आयरिश आणि वेल्शबद्दल. ऐकणारा सगळं मोजत बसत नाही, एक-दोन खुणा पकडतो आणि ओळखीच्या जवळच्या खणात माणसाला टाकतो.

मराठी माणूस इंग्रजी ‘थ्री’मधला थ दातांना जीभ टेकवून काढतो. आयर्लंडात पुष्कळ लोक तिथे दंत्य त-सारखाच आवाज काढतात. ‘कार्ड’, ‘फार्म’मधला र दोघेही उच्चारतात, लंडनवाले गिळतात. आपले ए-ओ सरळ असतात. वेल्स, आयर्लंड, स्कॉटलंड इथेही अनेकांचे तसेच सरळ असतात. भारतीय इंग्रजीत जोराच्या अक्षरावर सूर खाली राहून पुढच्या अक्षरावर चढतो, वेल्श इंग्रजीतही अनेकदा असंच होतं. आता लंडनमधल्या वीस वर्षांत ट मूर्धन्य (जीभ मागे वळवून काढलेला) राहिला नाही, हिरडीवर आला, असं समजा. ‘भारतीय’ ओळखण्याची सर्वांत मोठी खूण गेली आणि वर सांगितलेल्या खुणा राहिल्या. ब्रिटिश कान त्यांतून आयरिश किंवा वेल्श निष्कर्ष काढतो. म्हणजे तिथली ढब उचललेली नसते, मराठीचं उरलेलं वळणच त्यांना तसं ऐकू येतं.

ऑस्ट्रेलियन कोण आणि न्यूझीलंडर कोण, या घोटाळ्याचंही हेच. न्यूझीलंडचा ‘पेन’ बाहेरच्याला ‘पिन’ ऐकू येतो, ऑस्ट्रेलियाचा ‘फिश’ ‘फीश’कडे झुकतो. हे दोन शब्द ऐकले नाहीत, तर अंदाज बहुतेकदा ‘ऑस्ट्रेलियन’ असाच होतो, कारण ती ढब जास्त जणांच्या कानावरून गेलेली असते.

केवळ सूर बिघडून काय होतं, याचं जुनं उदाहरण नॉर्वेतलं आहे. १९४१ मध्ये बॉम्बचा तुकडा डोक्याला लागलेल्या एका स्त्रीचं बोलणं नंतर परकं वाटू लागलं. मोनराड-क्रोन या चेताविकारतज्ज्ञाने १९४७ मध्ये त्याचं वर्णन केलं. देश जर्मनांच्या ताब्यात होता, लोक तिला जर्मन समजत आणि दुकानांत तिला माल नाकारला जाई. नॉर्वेजियनमध्ये शब्दाला सुराची चाल असते, तीच मोडली होती. तिथे ‘उच्चार बदलला’ लिहिलं, तर मुद्दाच हुकेल.

उत्तर

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी एक भर. जर्मन ‘झेड’चा उच्चार आपल्या ‘चारा’तल्या च सारखा आहे, म्हणून ‘त्साइट’ (वेळ), ‘त्सूग’ (गाडी) मराठी माणूस सहज म्हणतो. पण मराठीत इ-ए च्या आधी हा च येत नाही. चिमणी, चेहरा दोन्ही तालव्य. म्हणून ‘त्सिमर’ (खोली) आणि ‘त्सेन’ (दहा) म्हणताना जीभ मागे सरकते आणि ‘चिमर’, ‘चेन’ बाहेर पडतं. तिथे त् आणि स् वेगळे म्हणून मग जोडावेत.

मूळ प्रश्नकर्ता

मुलांची मराठी पुन्हा वळणावर आणायची, तर काय करावं?

उत्तर

अल्पप्राणापासून सुरुवात करा. इंग्रजीतही स् च्या पाठोपाठ आलेला प हवा सोडत नाही. मुलाला ‘स्पाणी’ म्हणायला सांगा, मग स् मनातल्या मनात म्हणून फक्त ‘पाणी’. ‘स्काल’वरून ‘काल’ही असाच निघतो. तपासायला तोंडासमोर चार बोटांवर टिश्यू कागदाची पट्टी धरा. ‘काल’ला ती हलू नये, ‘खाल’ला हलावी. ताट-थाट, कण-खण हे शब्द घ्या. पळ-फळ मात्र नको, कारण आज पुष्कळजण फ ओठ-दातांनी काढतात आणि कागद भलत्याच कारणाने हलतो.

ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, म्हणून नुसता ‘ळ’ म्हणायला लावू नका. ‘आळा’, ‘बाळा’ घ्या: जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि झटक्यानं पुढे सोडायचं. ‘जीभ गुंडाळ’ एवढंच सांगितलं, तर मूल अमेरिकन र काढतं. च-ज साठी जोड्याच पाठ करून घ्याव्यात, नियम पुरत नाही.

ध्वनिमुद्रण करा, पण दर वेळी तोच आठ-दहा वाक्यांचा उतारा वाचून घ्या, आणि त्याआधी तासभर कोणती भाषा बोलणं झालं ते लिहून ठेवा. शाळेतून आल्या आल्या केलेलं मुद्रण आणि आजीशी बोलून झाल्यावरचं मुद्रण यांची तुलना केली, तर फुकट काळजी वाटेल. मोजायचं असेल तर ‘प्राट’ ही आवाज तपासण्याची संगणकीय आज्ञावली मोफत मिळते. स्फोटाची (ओठ किंवा जीभ सुटण्याची) उभी रेघ आणि नादाच्या लहरींची सुरुवात यांमधलं अंतर निवडलं की वेळ दिसतो.

मोठ्यांच्या इंग्रजीत उलटी चूक होते ती व ची. मराठीत व एकच आहे. ‘वेस्ट’ (पश्चिम) साठी ओठांचा चंबू करायला शिकलेला माणूस पुढे ‘व्हेरी’, ‘व्हेजिटेबल’लाही चंबू करतो. दोन्ही एकदम शिकवू नका. आधी वरचे दात खालच्या ओठावर टेकवण्याचा व पक्का होऊ द्या, तो आरशात दिसतो.