जूनच्या नोंदी जानेवारी ते डिसेंबर पसरतात: लॅबप्लॉटमध्ये भरती-ओहोटीचा आलेख

खाडीकाठ:
दाभोळ खाडीत जेटीच्या खांबाला लावलेल्या दाब-लॉगरची (दाब ठरावीक वेळाने नोंदवणाऱ्या यंत्राची) सीएसव्ही फाइल आहे. १ ते ३० जून २०२४, दर १० मिनिटांनी एक नोंद, एकूण ४३२० ओळी. पहिल्या कॉलममध्ये तारीख-वेळ (०५/०६/२०२४ १४:१० अशी), दुसऱ्यात एकूण दाब हेक्टोपास्कलमध्ये. लॅबप्लॉट या आलेख काढण्याच्या प्रोग्राममध्ये इम्पोर्ट करून आलेख काढला, पण तीन ठिकाणी अडलंय.

१) आडवा अक्ष जानेवारी ते डिसेंबर होतो. भरती-ओहोटीच्या लाटांऐवजी बारा उभे पट्टे दिसतात आणि ते तिरक्या रेघांनी जोडलेले आहेत.
२) दाबातून १०१३ (हवेचा सर्वसाधारण दाब) वजा करून पाण्याची उंची काढली. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला ती उणे ०.०८ मीटरवर सपाट होते.
३) रोजचा पाऊस याच आलेखात दाखवायचा आहे, पण तो २०० मिमीपर्यंत जातो, त्यामुळे पाण्याची रेघ तळाशी चेपते.

अहवालासाठी १६ सेंमी रुंदीचं चित्र हवं आहे. अक्षांची नावं मराठीत.

नकाशावही:
पहिलं दुखणं दिवस-महिन्याच्या अदलाबदलीचं आहे. इम्पोर्ट करताना तारखेचा साचा महिना-आधी असा निवडला गेलाय. त्यामुळे १ जून झाला ६ जानेवारी, २ जून झाला ६ फेब्रुवारी, असं करत १२ जून पोचला ६ डिसेंबरला. तुमचे बारा पट्टे पाहा, प्रत्येक पट्टा त्या त्या महिन्याच्या ६ तारखेवर असेल. १३ जूनपासून पुढे तेरावा महिनाच नसल्यामुळे त्या पेशी रिकाम्या राहिल्या. म्हणजे ४३२० पैकी १७२८ बिंदूच आलेखात आहेत.

कॉलमच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉरमॅट बदलून हे सुटत नाही. तिथे फक्त दिसण्याची पद्धत बदलते, आत साठलेली तारीख चुकीचीच राहते. फाइल पुन्हा इम्पोर्ट करा. इम्पोर्टच्या खिडकीत डेट-टाइम फॉरमॅटची चौकट आहे, तिच्यात हाताने टाइप करता येतं: लहान डी दोनदा, तिरकी रेघ, मोठा एम दोनदा, तिरकी रेघ, लहान वाय चारदा, एक जागा सोडून लहान एच दोनदा, कोलन, लहान एम दोनदा. मोठा एम म्हणजे महिना, लहान एम म्हणजे मिनिटं. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण दोन्हीकडे लहान एम पडला तरी टाइप करताना काही खटकत नाही.

इम्पोर्ट झाल्यावर शीटमध्ये थेट १७२९व्या ओळीवर जा. तिथे १३ जून, ००:०० दिसलं तर काम झालं. आणि मूळ सीएसव्ही दुसऱ्या स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह करू नका. तिथे काही तारखा मुकाट उलटतात, काही मजकूर म्हणून राहतात, आणि मग कुठलाच एक साचा लागू पडत नाही.

भांग-उधाण:
दुसऱ्या मुद्द्यावर. ती सपाट रेघ म्हणजे सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला आहे. त्या वेळी तो निव्वळ हवेचा दाब मोजतो. १ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण १ सेंमी पाणी, तेव्हा उणे ०.०८ चा अर्थ असा की हवेचा दाब १०१३ नव्हता, १००५च्या आसपास होता. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तो इतका उतरतोच. तुमची सगळी उंची तेवढ्या ८ सेंमीने कमी आली आहे.

म्हणून ठरावीक १०१३ वजा करू नका. हर्णै किंवा रत्नागिरी वेधशाळेचा समुद्रसपाटीचा दाब वेगळ्या कॉलममध्ये घ्या. उंचीच्या कॉलमवर राइट-क्लिक, 'जनरेट व्हॅल्यूज', मग 'फंक्शन व्हॅल्यूज'. दोन्ही कॉलम चल म्हणून जोडा, वजाबाकी करा आणि ०.००९९५ने गुणा. हा गुणक खाऱ्या पाण्याचा. मुसळधार पावसात वाशिष्ठी नदीचं गोडं पाणी खाडीत उतरतं तेव्हा तो ०.०१०२ होतो. ३०० हेक्टोपास्कलच्या फरकावर दोन्हींत सुमारे ७ सेंमीचं अंतर पडतं, तेव्हा कोणता धरला ते अहवालात लिहाच.

उघड्या सेन्सरच्या नोंदी लगेच झाकू नका. वेधशाळेचा दाब बरोबर जुळला का, हे तपासायला त्याच उपयोगी पडतात: दुरुस्तीनंतर ती सपाट रेघ शून्यावर यायला हवी. आली की 'मास्क व्हॅल्यूज'ने ०.०३पेक्षा कमी असलेल्या पेशी झाका. ओळी मात्र डिलीट करू नका. ओळ गेली की प्रोग्रामला तिथे खंड आहे हे कळत नाही, तो ओहोटीच्या दोन्ही काठांना सरळ रेघ ओढतो. झाकलेली पेशी असेल आणि वक्राच्या 'लाइन' टॅबमधली 'स्किप गॅप्स'ची खूण काढलेली असेल, तर रेघ तुटते. त्याच टॅबमध्ये स्प्लाइन (बिंदूंमधून जाणारी वळणदार रेघ) निवडू नका, खंडाच्या कडांना ती खऱ्या पाण्याच्या वरखाली जाते.

नकाशावही:
पावसासाठी: प्लॉट एरियाच्या प्रॉपर्टीजमध्ये वाय रेंज आणखी एक वाढवा, ० ते ६०० द्या. तिच्यावर नवी कोऑर्डिनेट सिस्टिम करा, पावसाचा वक्र तिला जोडा आणि उजवीकडे दुसरा उभा अक्ष लावा. ६०० अशासाठी की २०० मिमीची दांडी खालच्या तिसऱ्या भागातच राहते. वक्राची रेघ बंद, 'ड्रॉप लाइन्स'मध्ये 'एक्स, झिरो बेसलाइन', जाडी वाढवून.

भांग-उधाण:
पावसाच्या वेळेकडे लक्ष द्या. हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस त्या तारखेच्या सकाळी ८:३०ला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. दांडी ००:००वर ठेवलीत तर ती त्या काळाच्या मधोमध बसत नाही. आदल्या दिवशीच्या २०:३०वर ठेवा. लॉगरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) नाही ना, तेही बघा, नाहीतर भरती साडेपाच तास आधी दिसेल. छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकातल्या दोन-तीन भरत्यांशी ताडून पाहिलं की लगेच कळतं.

खाडीकाठ:
१७२९वी ओळ १३ जूनच दाखवते. सपाट भागही शून्यावर आला, मास्क केला. मराठी नावं मात्र पीडीएफमध्ये चौकोन होऊन येतात.

नकाशावही:
लेबलच्या खिडकीत 'टेक्स' (गणिती सूत्रं लिहिण्याची पद्धत) बंद करा आणि फॉन्ट स्वतः निवडा, नोटो सॅन्स देवनागरी चालेल. वर्कशीटची रुंदी आधीच १६ सेंमी ठेवा, नंतर चित्र ताणलं की अक्षरं बारीक-मोठी होतात. पीडीएफ द्या, फॉन्ट आतच जातो. पीएनजीच मागितली असेल तर ३०० डीपीआय, म्हणजे सुमारे १८९० पिक्सेल रुंदी.