गिट सेंड-ईमेलने पाठवलेले पॅच एकाखाली एक सरकत जातात, सपाट कसे ठेवायचे?

प्रश्न:
कोडमधल्या बदलांच्या सहा पॅचची सिरीज आहे, वर कव्हर लेटर (सिरीजची ओळख करून देणारा पहिला मेल). गिटच्या फॉरमॅट-पॅच कमांडने त्यांच्या मेलच्या फायली काढतो आणि सेंड-ईमेल कमांडने पाठवतो, पण मेल क्लायंटमध्ये दुसरा पॅच पहिल्याच्या पोटात, तिसरा दुसऱ्याच्या पोटात असं होत होत सहाव्याचा सब्जेक्ट पार उजव्या कडेला जातो, रिव्ह्यू करणाऱ्याला धड वाचताही येत नाही. मला सगळे थेट कव्हर लेटरखाली हवेत. आणि व्ही२ (सिरीजची सुधारित दुसरी आवृत्ती) जुन्या थ्रेडला, म्हणजे मेलच्या साखळीला, जोडायची की नवीन थ्रेड करायचा?

रिप्लाय १:
हे डीप थ्रेडिंग झालंय (प्रत्येक मेल आधीच्या मेलला रिप्लाय), तुम्हाला शॅलो पाहिजे (सगळे मेल पहिल्यालाच रिप्लाय). आधी सेंड-ईमेलचं चेन-रिप्लाय-टू सेटिंग बघा, ते चालू असेल तर डीप होतं. गिट १.७.० पासून ते बाय डिफॉल्ट बंद आहे, पण जुनी कॉन्फिग फाइल मशीनमागून मशीन कॉपी होत आली असेल तर त्यात ट्रू राहिलेलं असू शकतं. तिथे नसेल तर कॉन्फिगच्या फॉरमॅट सेक्शनमधलं थ्रेड हे सेटिंग बघा, ते फॉरमॅट-पॅचसाठी असतं.
अंदाज लावत बसण्यापेक्षा तिसऱ्या पॅचची फाइल सरळ एडिटरमध्ये उघडा. वरती इन-रिप्लाय-टू हेडर (हा मेल कोणत्या मेलला रिप्लाय आहे ते सांगणारी ओळ) दिसला तर थ्रेडिंग फॉरमॅट-पॅचनेच केलंय. त्यातला मेसेज-आयडी (प्रत्येक मेलची वेगळी ओळख) कव्हर लेटरचा असेल तर शॅलो, दुसऱ्या पॅचचा असेल तर डीप. हेडरच नसेल तर ते काम सेंड-ईमेल पाठवताना करतं.

रिप्लाय २:
वरच्यांचं बरोबर आहे, फक्त थ्रेडिंग दोन्हीकडे चालू ठेवू नका. फाइलमध्ये आधीच इन-रिप्लाय-टू असताना सेंड-ईमेलला परत तेच घालायला लावलं तर थ्रेड हवा तसा दिसेलच असं नाही, मॅन्युअलमध्येही हे स्पष्ट लिहिलंय. मी फॉरमॅट-पॅचचं बंद ठेवतो आणि सगळं सेंड-ईमेलवर सोडतो, त्याचं डिफॉल्ट शॅलोच आहे. पण मग सगळ्या फायली एकाच कमांडला द्यायच्या, एकेक करून पाठवल्या तर एकमेकींशी जोडल्याच जात नाहीत.

प्रश्नकर्ता:
सापडलं! शो-ओरिजिन (सेटिंग कुठल्या फाइलमधून आलं ते दाखवणारा पर्याय) लावून कॉन्फिग बघितली, फॉरमॅटच्या थ्रेडला डीप होतं, तेही ग्लोबल फाइलमध्ये. ते काढलं, फायली नव्याने काढल्या, आधी स्वतःलाच पाठवून बघितल्या, सहाही नीट कव्हर लेटरखाली आल्या. खूप आभार दोघांचे. व्ही२चं काय करू?

रिप्लाय ३:
प्रोजेक्टवर आहे ते. लिनक्स कर्नलचं डॉक्युमेंटेशन म्हणतं की मल्टी-पॅच सिरीज जुन्या आवृत्तीला इन-रिप्लाय-टूने जोडणं शक्यतो टाळा, म्हणजे नवीन थ्रेड. गिटच्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये मात्र उलट, तिथे व्ही२ आधीच्या कव्हर लेटरला रिप्लाय म्हणून पाठवायला सांगतात. तेव्हा ज्यांना पाठवताय त्यांच्या सूचना आधी वाचा. काहीही केलंत तरी फॉरमॅट-पॅचला रेंज-डिफ हा पर्याय लावा, व्ही१ (पहिली आवृत्ती) आणि व्ही२मधला फरक कव्हर लेटरमध्येच येतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ खरंच वाचतो.