पुढे 'नायट्रेट घातलेले नाही', मागे सेलरी पावडर. भरवसा ठेवायचा तरी कशावर?

घरकोंबडी:
मंडळी, वहिनीला दिवस गेलेत. डॉक्टरांनी थंड सलामी, हॅम वगैरे तयार मांसावर सरळ फुली मारली. तिला नेमकं तेच खावंसं वाटतंय, म्हणाली, "निदान त्यातल्या त्यात चांगलं पाकीट शोध." म्हणून पाकिटं उलटीपालटी करून वाचायला बसले आणि डोकं फिरलं.

एकावर हिरवं पान, 'नैसर्गिक', 'नायट्रेट-नायट्राइट घातलेले नाही' असं ठसठशीत. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: 'सेलरी पावडरमध्ये नैसर्गिकरीत्या असलेले वगळून'. म्हणजे आहे की नाही? दुसऱ्यावर म्हणे '१०० ग्रॅम सलामीसाठी १२० ग्रॅम मांस वापरले आहे'. शंभरात एकशेवीस मावले कसे? ज्यांना शंभरपर्यंत मोजता येत नाही त्यांनी आत काय भरलंय ते मी का मानावं?

कुणी यातलं जाणकार आहे का? 'खाऊच नका' हा सल्ला डॉक्टरांनी देऊन झालाय, तो कृपया पुन्हा नको.

उडदामाजी:
खाऊच नका. :)

थट्टा सोडा, पण २०१३ आठवा. आयर्लंडमध्ये गोमांसाच्या बर्गरांची २७ उत्पादनं तपासली, १० मध्ये घोड्याचा डीएनए निघाला. २३ मध्ये डुकराचा. एका बर्गरमध्ये तर गोमांसाच्या तुलनेत २९ टक्के घोडा. पुढे काही लझान्यांत (मांस घातलेल्या तयार पास्त्यांत) जवळजवळ सगळंच मांस घोड्याचं निघालं. आणि लेबल? सगळ्यांवर छान छापलेलं होतं. कागदाला काय, तो काहीही बोलतो.

पांढराकोट:
सॉसेज-हॅमच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणी विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

ताई, तुमची एकशेवीसवाली ओळ अगदी खरी आहे. सलामी आंबवून वाळवतात, पाणी उडून जातं, १२० ग्रॅम कच्च्या मांसाची १०० ग्रॅम सलामी उरते. शिजवलेल्या हॅमचा कारभार याच्या उलट. सुयांची अख्खी रांग असलेलं यंत्र मांसात मिठाचं पाणी टोचतं, मग ते मांस फिरत्या पिंपात तासन्‌तास घुसळतात. फॉस्फेट असलं की आत गेलेलं पाणी सहसा बाहेर पडत नाही. युरोपात असं अखंड तुकड्यासारखं दिसणाऱ्या मालात ५ टक्क्यांहून जास्त पाणी घातलं तर उत्पादनाच्या नावातच तसं सांगावं लागतं. तुकडे चिकटवून एकसंध हॅम बनवला असेल तर तेही. हाडांवरून यंत्राने खरवडून काढलेला लगदा तिथे 'मांस' म्हणून मोजता येत नाही, वेगळा लिहावा लागतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. दुसऱ्याच नंबरावर पाणी दिसलं, तर पाणी मांसाच्या भावाने विकत घेताय एवढं लक्षात ठेवा.

आता सेलरी. त्या भाजीत नायट्रेट भरपूर असतं. जिवाणूंचं विरजण लावून त्याचं नायट्राइट करतात आणि तेच मांसात जातं. रेणू तोच, काम तेच: गुलाबी रंग टिकवणं आणि बोट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या जिवाणूंना रोखणं. जे धोके पांढऱ्या पुडीतल्या नायट्राइटचे, तेच याचेही. अमेरिकेच्या नियमांत हे 'न घातलेलं' ठरतं, म्हणून ती मुंगीएवढी ओळ. युरोपात संरक्षणासाठी असा अर्क वापरला तर तो अॅडिटिव्ह, म्हणजे मुद्दाम घातलेला पदार्थच धरतात. या प्रकारावर माझा जुना राग आहे. शब्द न् शब्द कायद्यात बसतो आणि वाचणारा नेमका उलटं समजून जातो. यापेक्षा सरळ 'ई २५०', म्हणजे नायट्राइटचा युरोपी क्रमांक, छापणारा बरा.

पण तुमच्या वहिनींच्या दृष्टीने हे सगळं दुय्यम. डॉक्टरांची फुली आहे ती लिस्टेरिया नावाच्या जिवाणूमुळे, आणि तिच्याबद्दल लेबल चकार शब्द काढत नाही.

लिस्टेरिया शिजवल्यावर मरते. भानगड होते ती शिजवल्यानंतर, म्हणजे हॅम थंड होऊन कापायला जातो आणि पाकीटबंद होतो त्या टप्प्यात. आमच्याकडे कच्च्या बाजूचे बूट वेगळ्या रंगाचे, शिजलेल्या बाजूचे वेगळ्या, आणि मधली रेघ ओलांडली की बोलणी बसायची. तरी ही बया गटाराच्या जाळीखाली, छताला साचलेल्या दवाच्या थेंबात, कापायच्या यंत्राच्या पात्यामागे ठाण मांडून बसते. फ्रिजच्या थंडीत इतर जिवाणू गारठतात, ही सावकाश वाढत राहते. मी स्लायसरचा स्वॅब घ्यायचो तो वरून चकचकीत दिसणाऱ्या पत्र्यावरून नाही. पाना घेऊन आतलं आवरण उघडायला लावायचो आणि स्क्रूच्या खाचेतून घ्यायचो. ऑपरेटर शिव्या द्यायचा, कारण परत जोडून, धुऊन यंत्र चालू करायचं म्हणजे त्याच्या पाळीचा चांगलाच वेळ जायचा.

कॅनडात २००८ साली नेमकं हेच घडलं. 'मेपल लीफ' या मांस कंपनीच्या कारखान्यातल्या मालामुळे वीसहून जास्त माणसं गेली. संशय आला तो मोठ्या स्लायसरच्या आत, रोजच्या धुण्यात न पोचणाऱ्या सांदीकोपऱ्यांत साचलेल्या मळावर. कारखान्याच्या स्वतःच्या तपासणीत लिस्टेरियाच्या खुणा आधीच दिसल्या होत्या, पण ते सरकारला कळवायचं बंधन तेव्हा नव्हतं. माझं म्हणणं एवढंच: विश्वासाचा प्रश्न इथे आहे. पुढच्या बाजूचं हिरवं पान कुणीही छापेल. स्वॅबचा निकाल वाईट आला की तो बाहेरच्या कुणाला दाखवावा लागतो का, ते विचारा.

उडदामाजी, तुमच्या घोड्याबद्दल. फसवणूक झाली, मान्य. पण ती पकडली कुणी? आयर्लंडच्याच सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेने, दुकानांतले नमुने स्वतःहून उचलून. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण हुडकलं. रुमानियातून मांस निघालं तेव्हा कागदावर 'घोडा'च होतं. दलालांच्या साखळीत वाटेत कुठेतरी त्याचं गोमांस झालं. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने यातल्या एका डच व्यापाऱ्याला तुरुंगवास सुनावला. जितके हात बदलतील तितकी लेबलची किंमत कमी, हा यातला माझा धडा.

शंकासूर:
आणि तंबाखूसारखाच कॅन्सर होतो म्हणतात त्याचं काय? ते तर लेबलवर कुठेच नसतं.

पांढराकोट:
२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, हे खरं. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. त्यांचा आकडा असा: रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता १८ टक्क्यांनी वाढते. ही वाढ मूळ शक्यतेच्या १८ टक्के. शंभरातल्या अठरा जणांना होतो असा अर्थ काढू नका. पेपरवाल्यांनी तेव्हा एका ओळीत 'बेकन म्हणजे सिगारेट' करून टाकलं आणि आम्हाला कॅन्टीनमध्येसुद्धा सुख लागू दिलं नाही.

उडदामाजी:
सरकारी यंत्रणेचं एवढं कौतुक करताय, मग दक्षिण आफ्रिका? २०१७-१८ मध्ये दोनशेहून अधिक मेले. सरकारला तो कारखाना सापडायला वर्षाच्या वर गेलं.

पांढराकोट:
बरोबर, १,०६० रुग्ण आणि २१६ मृत्यू. आणि त्यात, ताई घाबरवायला सांगत नाही, चाळीस टक्क्यांहून जास्त रुग्ण नवजात होते.

उशीर का झाला तेही बघा. लिस्टेरियाची लागण दिसायला कधीकधी सत्तर दिवस लागतात. दोन महिन्यांपूर्वी सँडविचमध्ये काय होतं, आठवतंय तुम्हाला? शेवटी रुग्णांच्या अंगातल्या आणि कारखान्यातल्या जिवाणूंची जनुकीय जुळणी करून पोलोनी नावाच्या स्वस्त, सर्रास खाल्ल्या जाणाऱ्या सॉसेजपर्यंत पोचले, आणि मार्च २०१८ मध्ये माल परत मागवला. यंत्रणा ढिली होती हे मी नाकारत नाही. तपासनीस कमी असले की असंच होतं. पण यंत्रणा ढिली म्हणून मोडीत काढली, तर पुढचा कारखाना कोण शोधणार?

घरकोंबडी:
पांढराकोट काका (की दादा?), इतकं सगळं कळलं, आता दुकानात उभी राहून नेमकं बघू काय? आणि वहिनीला काय सांगू?

पांढराकोट:
काका चालेल, केस तेवढे गेलेत.

पुढची बाजू वाचूच नका. मागे एक छोटा शिक्का शोधा. युरोपात तो लंबगोल असतो, देशाची अक्षरं आणि कारखान्याचा क्रमांक असलेला. अमेरिकेत तपासणीच्या गोल शिक्क्याबरोबर किंवा पाकिटावर इतरत्र 'ईएसटी' असं लिहून क्रमांक देतात. पाच वेगळ्या ब्रँडांची पाकिटं हातात घ्या, दोन-तीनांवर एकच क्रमांक सापडला तर नवल वाटू देऊ नका. भावात फरक, चित्रात फरक, यंत्र एकच. माल परत मागवल्याच्या सूचनेत तो क्रमांक किंवा बॅच असते, म्हणून पाकीट संपेपर्यंत वेष्टन फेकू नका. स्लाइस डब्यात काढून वेष्टन कचऱ्यात टाकायची घाई असते सगळ्यांना, ती माझ्या घरातसुद्धा मोडत नाही.

वहिनींनी काउंटरवर कापून मिळणारं घेऊच नये. तो स्लायसर दिवसभर कशाकशातून फिरलेला असतो. फारच इच्छा झाली तर सीलबंद पाकिटातलं, ताजं उघडलेलं, वाफा निघेपर्यंत गरम करून लगेच. मधोमध ७४ अंश सेल्सिअस झालं पाहिजे, नुसतं कोमट नाही. गरम केल्यावर गार होऊ देऊन सँडविचमध्ये घालणं म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर. वापरायची शेवटची तारीख न उघडलेल्या पाकिटासाठी असते. उघडलं की ती विसरा, तीन-चार दिवसांत संपवा. आणि हे डॉक्टरांना विचारूनच. त्यांनी नाही म्हटलं तर माझ्या ७४ अंशांचा दाखला देऊन भांडू नका.

घरकोंबडी:
वहिनीला वाचून दाखवलं. पोलोनीपर्यंत आल्यावर म्हणाली, "राहू दे, बाळ झाल्यावर खाईन." पण क्रमांकांचं खरं निघालं बरं का. हिरव्या पानाचं पाकीट आणि त्याच्या शेजारचं सगळ्यात स्वस्त पाकीट, दोन्हींवर एकच नंबर आहे.

उडदामाजी:
बघा, मी सांगत नव्हतो?