मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडीला पिकअप नाही, टॉर्क कन्व्हर्टरमधला वन-वे क्लच गेला असेल का?

नमस्कार मंडळी,

गाडी 2.2 लिटर डिझेल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (कन्व्हर्टर म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग). पावसाळ्यापासून सिग्नलवरून सुटताना पिकअपच मिळत नाही. आंबा घाटात ट्रकमागे थांबावं लागलं की पुन्हा निघताना पॅडल पार दाबलं तरी गाडी नुसती रांगते, मागे गाड्यांची रांग लागते आणि घरचे घाबरतात. पन्नास-साठचा वेग आला की मात्र व्यवस्थित पळते. रिव्हर्सलाही हीच रड.

गॅरेजवाले म्हणतात, क्लच प्लेटा गेल्या, अख्खा गिअरबॉक्स बदला. मला पटत नाही. प्लेटा घसरत असत्या तर आरपीएम भसकन चढले असते. इथे उलट आहे. स्कॅनर लावून स्टॉल टेस्ट केली, म्हणजे गिअर टाकून, ब्रेक घट्ट धरून पॅडल पूर्ण दाबलं आणि इंजिन किती आरपीएमला अडतं ते पाहिलं (पाच सेकंदांच्या आत, नाहीतर तेल फार तापतं). मॅन्युअलमध्ये 2300 च्या आसपास आकडा आहे, इंजिन 1500 लाच अडकलं. न्यूट्रलमध्ये मोकळं फिरतं. तेल लाल आहे, जळका वास नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे गाडी सुटताना स्टेटर (कन्व्हर्टरमधला मधला पंखा) जागेवर अडायला हवा, म्हणजे टर्बाइनकडून (गिअरबॉक्सला फिरवणाऱ्या पंख्याकडून) परतणारं तेल तो वळवून देतो आणि टॉर्क जवळपास दुप्पट होतो. त्याला अडवणारा, एकाच दिशेला फिरू देणारा वन-वे क्लचच दोन्हीकडे फिरू लागला तर हा जोर नाहीसा होतो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी याची खात्री कशी करायची? आणि नुसता कन्व्हर्टर दुरुस्त होतो का? जाणकारांनी कृपया सांगावं, खर्च फार मोठा आहे.

प्रतिसाद:

तर्क बरोबर आहे, पण डिझेलमध्ये टर्बोची व्हेन (टर्बोला फिरवणाऱ्या धुराला दिशा देणारी पाती) अडकली तरी हुबेहूब हीच लक्षणं दिसतात. आधी ते वेगळं काढा. सपाट रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये वरचा गिअर, लॉकअप लागलेलं, 1600 च्या आसपास आरपीएम, आणि पॅडल दाबा. लॉकअपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात, कन्व्हर्टरचं तेल बाजूला राहतं. तिथे गाडी नीट ओढत असेल तर इंजिन निर्दोष, कन्व्हर्टरच दोषी. तिथेही मेली तर टर्बो बघा, गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

कन्व्हर्टर उतरवलाच तर हबमधून बोट घालून स्टेटरची आतली दातेरी रिंग फिरवा: एका बाजूला मोकळी, दुसऱ्या बाजूला घट्ट अडली पाहिजे. दोन्हीकडे फिरली तर निदान पक्कं. मात्र बोटाला अडली म्हणून चांगली समजू नका, लोड आल्यावर घसरू शकते.

कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो. लेथवर कापून, नवा क्लच बसवून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करून देणारे कारागीर आहेत. ऑइल कूलर फ्लश करून घ्या, नाहीतर जुना कीस नव्या कन्व्हर्टरमध्ये जाईल.