सल्ला हवा: घरी बसलेल्या बाबांना मोटोजीपी दाखवायचंय, कुठे बघायचं आणि कुठल्या रेसपासून सुरू करायचं?

चिंचवडचा_धाकटा

नमस्कार मंडळी, बाबा ७१ वर्षांचे आहेत, गेल्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्यामुळे अजून दोनेक महिने घरीच. आकुर्डीला चेतकच्या लाइनवर उभी हयात गेली, घरची गाडी एम-८०, म्हणजे दुचाकी सोडून दुसऱ्या विषयावर माणूस पाच मिनिटं बोलणार नाही. सिरीयल बघत नाहीत, क्रिकेटचा कंटाळा आलाय आणि बातम्या लावल्या की बीपी वाढतं. परवा भाच्याने मोबाइलवर एक रील दाखवली, मार्केझ कोपर जमिनीला घासत वळतोय ती, तर तीच चार वेळा बघितली आणि म्हणाले हे पूर्ण कुठे दिसतं रे. मला फॉर्म्युला वन थोडंफार कळतं, बाइकचं शून्य. तर टीव्हीवर दिसतं का की काही पैसे भरून घ्यावं लागतं, आणि सीझन तर अजून सुरू व्हायचाय म्हणून तोवर जुन्या रेस कुठल्या दाखवू जेणेकरून त्यांचा रस टिकेल? इंग्रजी कॉमेंट्री त्यांना फारशी झेपत नाही हे पण लक्षात घ्या.

टाकीवर_झोपलेला

आधी वाईट बातमी, मराठीत कॉमेंट्री नाही. आणि आपल्याकडे मोटोजीपीचे हक्क म्हणजे भाडेकरूचं बिऱ्हाड आहे, दर थोड्या वर्षांनी टेम्पो येतो आणि सामान हलतं. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा स्टार स्पोर्ट्सवर, मग युरोस्पोर्टवर (२०२२ ला जॉन अब्राहमला पुढे करून केवढी जाहिरात केली होती), २०२३ ची भारतातली रेस जिओसिनेमावर. त्यामुळे इथे कुणी छातीठोकपणे चॅनलचं नाव सांगितलं तरी वर्षाचं पॅक भरण्याआधी मोटोजीपीच्या अधिकृत साइटवर प्रक्षेपकांची यादी असते त्यात भारतासमोर यंदा कोण आहे ते बघूनच पैसे टाका.

तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, व्हिडिओपास. मोटोजीपीवाल्यांचीच सेवा, प्रॅक्टिसपासून रेसपर्यंत सगळं लाइव्ह, आणि मुख्य म्हणजे १९९२ पासूनच्या जुन्या रेस पूर्ण बघता येतात. दोन महिने घरी बसलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय पाहिजे? स्वस्त नाहीये, पण बाबांसाठी विचारताय तर एवढं करा. आधी त्यांचा रस टिकतो का ते बघायचं असेल तर अधिकृत यूट्यूब चॅनलवर हायलाइट्स आणि काही जुन्या पूर्ण रेस फुकट आहेत, तिथून सुरू करा.

फुकट_फौजदार

व्हिडिओपास कशाला, व्यनि (खासगी निरोप) करा, टेलिग्रामचा ग्रूप देतो.

टाकीवर_झोपलेला

@फुकट_फौजदार तो ग्रूप आम्हीपण बघितलाय, शेवटच्या लॅपला गोल गोल फिरणारं चक्र दिसतं आणि सुरू होईपर्यंत रायडर शँपेन उडवत असतो. आणि चोरीच्या लिंका इथे देऊ नका, मागे त्यावरून एक अख्खा धागा उडालाय.

गिअरवाली

धाग्याच्या निमित्ताने जुनं दुःख मोकळं करते. एका वाहिनीवर (नाव घेत नाही) शेवटच्या तीन लॅप राहिल्या असताना डिओची जाहिरात लागली होती, परत आले तेव्हा पहिला आणि दुसरा अदलाबदल झालेले आणि ते कसं झालं ते दाखवायची तसदीसुद्धा नाही. ४०-४५ मिनिटांची तर रेस असते हो, त्यात ना ओव्हर संपते ना ड्रिंक्स ब्रेक असतो, जाहिरात घुसवायला फटच नाही. तेव्हापासून मी टीव्हीचा नाद सोडला. पैसे भरा पण अख्खी रेस बघा, नाहीतर बाबा म्हणतील यापेक्षा बातम्या बऱ्या.

बरं आता रेस. तुमचे बाबा चेतकवाले आहेत ना, मग मी सांगते त्यांना कोण जवळचं वाटेल ते. केटीएम! कंपनी ऑस्ट्रियाची, पण २००७ पासून बजाजची भागीदारी, छोट्या ड्यूक चाकणला बनतात, आणि २०२५ मध्ये केटीएम पार कर्जात बुडाली तेव्हा बजाजनेच पैसा ओतून ताबा घेतला. म्हणजे ज्या घराण्यात बाबांनी नोकरी केली त्याच घरची गाडी आज डुकाटी-यामाहाशी भिडतेय. हे सांगून बघा, खुर्चीत सरळ होऊन बसतील.

आणि पहिली रेस दाखवा ऑस्ट्रियाची, २०२१, तारीख १५ ऑगस्ट. केटीएमचं घरचं मैदान. शेवटच्या काही लॅप राहिल्यात, पाऊस सुरू होतो, पुढचे सगळे, बान्याया, मार्केझ, मार्टिन, क्वार्टरारो, एकामागोमाग पिटमध्ये शिरतात पावसाळी टायरची दुसरी बाइक घ्यायला. (मोटोजीपीत टायर नाही बदलत, अख्खी बाइक बदलतात, हे बाबांना आधीच सांगून ठेवा.) आणि केटीएमचा ब्रॅड बाइंडर पिटमध्ये जातच नाही! नक्षी नसलेले गुळगुळीत टायर, खाली पाणी, कार्बनचे ब्रेक गार पडलेले, गाडी सरळ चालवायची मारामार, आणि हा पठ्ठ्या तसाच रेटत राहतो. ट्रॅकची हद्द ओलांडली म्हणून वर ३ सेकंदांची पेनल्टी लागली तरी जिंकला. माझ्या नवऱ्याला बाइकमधलं काही म्हणजे काही कळत नाही, तो उठून उभा राहिला होता.

४६_कायम

+१, ती रेस बघायलाच हवी. पण सुरुवात ४६ नंबरच्या रॉसीशिवाय? अमेरिकेतली लगुना सेका २००८ दाखवा, रॉसी विरुद्ध स्टोनर, उतारावरचं ते कॉर्कस्क्रू वळण आणि रॉसी मातीत उतरून पुढे निघतो. मग बार्सिलोना २००९, लोरेंझोला शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर, जिथे कुणी ओव्हरटेक करत नाही तिथे. ९ वर्ल्ड टायटल्स उगाच नाही मिळत. नंतरच्या ९३ नंबरवाल्यांनी, म्हणजे मार्केझने, २०१५ ला मलेशियाच्या सेपांगला रॉसीशी भिडताना काय केलं ते पण दाखवा म्हणजे माणसं ओळखता येतील.

९३_आणि_बास

आला का सेपांग २०१५. दहा वर्षं झाली राव. तोच ९३ नंबरवाला २०२० ला स्पेनच्या हेरेझला दंडाचं हाड मोडून, त्यावर चार ऑपरेशनं करून, २०२५ ला परत चॅम्पियन झालाय, आणि चॅम्पियनशिपमध्ये दुसरा कोण तर सख्खा धाकटा भाऊ. ऑपरेशन झालेल्या माणसाला हीच गोष्ट सांगायची की अजून कुठली?

४६_कायम

दंड बरा झाला, स्वभावाचं काय?

गिअरवाली

तुम्ही दोघं दुसरा धागा काढा. त्या काकांना अजून रॉसी कोण ते माहीत नाही.

अर्धा_क्लच

नवीन बघणाऱ्याला स्क्रीनवरचं काही कळत नाही आणि तिथेच माणसं सोडून देतात, म्हणून थोडं सांगतो. शनिवारी स्प्रिंट असते, २०२३ पासून सुरू झाली, निम्म्या अंतराची, पहिल्याला १२ गुण आणि नवव्यापर्यंतच मिळतात. रविवारी मुख्य रेस, पहिल्याला २५. त्याआधी त्याच दिवशी मोटो थ्री (२५० सीसी) आणि मोटो टू (ट्रायम्फचं ७६५ सीसी इंजिन) होतात, आणि खरं सांगू का, बाबांना मोटो थ्री जास्त आवडेल. पंधरा-वीस पोरं एकमेकांच्या हवेत घुसून सरळ रस्त्यावर चार-चार एका ओळीत, शेवटच्या लॅपला आठवा असलेला जिंकू शकतो. मोटोजीपीत हल्ली पंख आणि काय काय लावल्यामुळे ओव्हरटेक कमी झालेत. २०२७ पासून ८५० सीसी करतायत आणि गाडी खाली बसवायची ती यंत्रणा काढून टाकतायत, बघू फरक पडतो का.

काही गोष्टी तर नुसत्या चित्रावरून कळतच नाहीत. २०२५ ची थायलंडची रेस घ्या. मार्केझ निवांत पहिला चाललेला, आणि अचानक सरळ रस्त्यावर हळू होऊन भावाला पुढे जाऊ देतो. मला वाटलं गाडी बिघडली. झालं असं की पुढच्या टायरमधला दाब ठरलेल्या मर्यादेखाली चाललेला, तसा राहिला तर १६ सेकंदांची पेनल्टी. दुसऱ्याच्या मागे चाललं की गरम हवा लागते, टायर तापतो, दाब वाढतो. म्हणून बराच वेळ भावाच्या मागे गुपचूप फिरला आणि शेवटी तीन लॅप राहिल्यावर पुढे जाऊन जिंकला. आता हे कॉमेंट्री न समजणाऱ्याला कसं कळणार? पहिल्या दोन-तीन रेसना तुम्ही शेजारी बसा आणि तुम्हीच मराठीत सांगा. मी आजीला असंच करायचो, तिला शेवटी पेड्रोसा आवडायला लागला, बारीक आहे बिचारा म्हणून.

अवांतर: बान्यायाची पहिली ग्रांप्री जिंकलेली गाडी कुठली माहितीये? महिंद्रा. मोटो थ्री, आसेन, २०१६. नंतर तोच दोनदा मोटोजीपी चॅम्पियन. त्या दिवशी मुख्य रेस पावसात जॅक मिलरने जिंकली म्हणून सगळे तेच बोलत राहिले, महिंद्राचं आपल्याकडच्या पेपरात कुठेतरी कोपऱ्यात आलं असेल.

बुद्धला_गेलेला

२०२३ ला आम्ही पुण्याहून सहाजण गेलेलो ग्रेटर नोएडाला. सप्टेंबरमधलं ऊन, रेस २४ लॅपची होती ती गरमीमुळे २१ ची केली. बेझेक्की जिंकला, रॉसीच्या टीमचा, त्यामुळे पिवळे झेंडेवाले नुसते नाचत होते. पण गंमत सांगतो, हॉर्हे मार्टिनच्या लेदर सूटची चेन चालू रेसमध्ये उघडलेली, त्याने गाडी चालवता चालवता ती लावली आणि वर दुसरा आला. आम्हाला स्टँडवर काही म्हणजे काही दिसलं नाही, हॉटेलवर येऊन मोबाइलवर बघितलं तेव्हा कळलं. प्रत्यक्ष बघायला आवाज आणि वास, रेस बघायला टीव्हीच. पुढच्या वर्षी परत होणार म्हणून सांगितलेलं, ती काही झाली नाही.

क्वालालंपूरकर

इथे राहायला येऊन ९ वर्षं झाली, दरवर्षी सेपांगला जातो, विमानतळापासून अगदी जवळ आहे, ऑक्टोबरच्या सुमारास भारतातून भरपूर लोक येतात आणि स्टँडमध्ये मराठी ऐकू येतं. काका पुढच्या वर्षी चालते-फिरते झाले की आणा. शेवटच्या हेअरपिनजवळचं तिकीट काढा, तिथे ब्रेकिंग दिसतं. दुपारी पाऊस धरूनच चला.

फक्त एक सांगतो. जुन्या रेस दाखवताना सेपांग २०११ लावू नका. मी तेव्हा डोंबिवलीत होतो, रविवारची दुपार, जेवून टीव्हीसमोर बसलो होतो, दुसऱ्याच लॅपला सिमोनचेली पडला आणि मागच्या गाड्या त्याच्यावर गेल्या, हेल्मेट निघालेलं दिसलं. मग रेस थांबवली आणि बराच वेळ कॅमेरा नुसता पिटमधले चेहरे दाखवत राहिला, कॉमेंट्रीवालेसुद्धा गप्प गप्प. तेव्हाच कळलं होतं. २४ वर्षांचा होता. आई आतून विचारत होती आवाज का बंद केलास. आवाज बंद केला नव्हता.

४६_कायम

५८, त्याचा नंबर. बाकी काही लिहीत नाही.

टाकीवर_झोपलेला

वेळा राहिल्या का कुणाच्या लक्षात? युरोपातल्या रेस म्हणजे सोन्यासारखं काम, बहुतेक मुख्य रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला, स्प्रिंट शनिवारी साडेसहाला. चहा-बिस्किटाची वेळ. मलेशिया, थायलंड दुपारच्या जेवणाच्या आसपास, जपान सकाळी, ऑस्ट्रेलिया त्याहून लवकर. अमेरिकेची मध्यरात्र उलटल्यावर, ती दुसऱ्या दिवशी बघायची आणि तोवर घरात कुणी निकाल सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावायची. २०२६ चा सीझन १ मार्चला थायलंडच्या बुरिरामपासून, म्हणजे काकांचा गुडघा आणि सीझन बरोबर एकाच वेळी चालू लागतील.

चिंचवडचा_धाकटा

सगळ्यांचे खूप आभार, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. व्हिडिओपास घेतला. काल रात्री ऑस्ट्रिया २०२१ लावली, निकाल मुद्दाम सांगितला नाही. बजाज-केटीएमचं आधी सांगितलं तर नुसतं "हं" म्हणाले, पण मग पूर्ण वेळ "आपली कुठंय, आपली कितवी" हेच चाललेलं.

पाऊस सुरू झाल्यावर मी @गिअरवाली यांनी लिहिलेलं ऐकवलं की ब्रेक गार पडले की धरत नाहीत. तर मलाच शिकवायला लागले, म्हणे चेतकच्या ड्रममध्ये पाणी शिरलं तरी हेच व्हायचं, मग ब्रेक हलका दाबून धरून गाडी थोडी पुढे न्यायची, घासून घासून तापला की धरतो, हा पोरगा तेच करत असणार. बरोबर का चूक मला माहीत नाही, जाणकारांनी सांगावं. बाइंडर जिंकला तेव्हा टाळी वाजवली आणि आईला आतून हाक मारून बाहेर बोलावलं.

आता एक शंका राहिलीये त्यांची. वळणाच्या आधी जोरात ब्रेक मारताना हे सगळे एक पाय फूटरेस्टवरून काढून बाहेर लोंबकळत का सोडतात?

अर्धा_क्लच

रॉसीने सुरू केलं आणि मग सगळेच करायला लागले. का ते विचारलं तर एकेक रायडर एकेक सांगतो, कुणी म्हणतो तोल, कुणी म्हणतो वळणात शिरायला सोपं जातं. पैज लावून सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे तरी नाही.

चिंचवडचा_धाकटा

वाचून दाखवलं. बाबा म्हणाले त्यात काय एवढं, एम-८० वर आम्हीपण काढायचो, ब्रेक लागला नाही तर पाय टेकवता यावा म्हणून.